विनंती केल्यास मिळेल

शोधनिबंधाच्या तळाशी एक ओळ असते: ‘विदा वाजवी विनंतीवर उपलब्ध.’ परवा अशाच एका निबंधाच्या लेखक-सरांना मी तशी विनंती केली. सर म्हणाले, ‘अहो, ते सगळं त्या पोराच्या लॅपटॉपवर होतं. तो बेंगळुरूला नोकरीला लागला की!’

मग कपाटातून एक पेन ड्राइव्ह निघाला. त्यात ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरं फायनल’ आणि ‘सरांनी बघितलेलं फायनल’. उघडली एकच फाइल. तिसऱ्या रकान्याचं नाव ‘क्ष-नवीन’. ‘हे मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम?’ मी विचारलं. ‘तेव्हा माहीत होतं,’ सर म्हणाले.

त्या पोराचा प्रबंध मात्र सुखरूप आहे. यूजीसीच्या नियमानुसार तो गांधीनगरच्या ‘शोधगंगे’त, म्हणजे ऑनलाइन प्रबंधसंग्रहात, सोडावा लागतो. एकदा गंगार्पण झालं, की आकडे गोदरेजच्या कपाटात गंजायला मोकळे.

तरी जगाच्या मानानं आपलं बरंच. ‘सेप्ट २’ या जनुकाच्या नावाचं एक्सेल परस्पर ‘दोन सप्टेंबर’ करून टाकायचं. ते काही ऐकेना, तेव्हा २०२०मध्ये शास्त्रज्ञांनी अशा जनुकांचंच पुन्हा बारसं केल्याचं जाहीर केलं.

निघताना सर दारापर्यंत आले. ‘आकडे कशाला हवेत? आमचा निबंध संदर्भात टाका की!’