साहेबांचा प्रवास

दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिलाच समास मूर्खलक्षणांचा. स्वतःच स्वतःची स्तुती करणाऱ्याला समर्थांनी त्यात बसवून टाकलंय. पुढे २००३ साली लिंक्डइन सुरू होणार आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट ते २६ अब्ज डॉलरहून जास्त मोजून विकत घेणार, हे समर्थांना कुठलं ठाऊक! मूर्खलक्षणाला एवढा भाव आजवर कुणी दिला नव्हता.

परवा आमच्या साहेबांनी त्यांचा लिंक्डइनवरचा 'व्यावसायिक प्रवास' वाचायला पाठवला. बावीस वर्षं आम्ही एकाच मजल्यावर बसतो, पण हा प्रवास मला कधी दिसला नाही. स्टोअरच्या किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या, त्याचं झालं 'संसाधनांचं धोरणात्मक व्यवस्थापन'. त्याच मजल्यावर बदली झाली, ती 'नव्या आव्हानाची हाक'. मूल्यांमध्ये पहिलं 'सेवक-नेतृत्व'. (१९७० मध्ये रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थांनी ही कल्पना मांडली, तेव्हा चहाचा कप उचलायला वाजवायची बेल त्यांच्या डोळ्यांपुढे नसावी.) दुसरं, 'ऐकण्याची कला'. इथे मी अडलो. भीत भीत म्हटलं, "साहेब, हे जरा..."

"मधे बोलू नका हो, आधी पूर्ण वाचा."

वाचलं. शेवटी एक अपयश होतं. ते असावंच लागतं म्हणे, स्थळाच्या पत्रिकेत सौम्य मंगळ असतो तसं. अपयश कुठलं, तर 'मी कामात स्वतःला फारच झोकून देतो'.

माझ्याकडून शिफारशीच्या चार ओळी हव्या होत्या. दिल्या लिहून. वेतनवाढ एप्रिलात असते.