आठ पावलं मागं

मागच्या काचेवर डरकाळी फोडणारा वाघ, सायलेन्सरमधून फटाके आणि ४१४१ हा नंबर वाकवून केलेला 'दादा', असा गाडीवाला निदान लांबून कळतो. कानावर हात ठेवायला वेळ मिळतो. खरा ताप अभिरुचीवाल्याचा. तो आवाज करत नाही. सकाळी सातला दारात येतो आणि अदबीनं विचारतो, "काका, जरा भाईर येताय काय?"

आमच्या कोडोलीत असा एक आहे. त्याचं पाळण्यातलं नाव आता त्याची आईही फारसं घेत नसावी, सगळं गाव त्याला 'सरक्या' म्हणतं. कारण सांगतो. गाडीला काहीही नवं लावलं की तो तिच्याकडे तोंड करून मोजून आठ पावलं मागं सरकतो, डावा डोळा मिटतो आणि मान कलती करून उभा राहतो. सात पावलांवरून गाडी 'भरत नाही' आणि नऊ पावलांवरून 'सांडते', असं त्याचं म्हणणं. या आठ पावलांत मागं काय आहे ते तो कधीही बघत नाही. आजवर तो उघड्या गटारात, वाळत घातलेल्या मिरच्यांत आणि एकदा शेजारच्या म्हशीच्या गव्हाणीत सरकलेला आहे. म्हशीनं जागा करून दिली.

गाडी म्हणजे लाल रंगाची पोलो जीटी, दुसऱ्या हातची. बाराशे सीसीचं टर्बो इंजिन, १०५ घोडे. चाकणला ही गाडी बनायची, २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा घरात सुतक असल्यासारखा हा दोन दिवस जेवला नव्हता. आता १०५ घोड्यांना स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर जाणकारांनी वाद घालावा. पन्नासएक घोड्यांच्या ट्रॅक्टरनं उसाच्या दोन ट्रॉल्या वारणेच्या कारखान्यावर ओढून नेणाऱ्या आमच्या गावाला एवढंच दिसतं, की हा १०५ घोडे जुंपून सकाळ-संध्याकाळ डेअरीला दुधाचे दोन कॅन पोचवतो. कॅनखाली जाड रबरी मॅट असते. मॅटचा काळा आणि बंपरच्या खालच्या पट्टीचा काळा एकच आहे. हे मला त्यानंच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

त्याचा दंडक एकच: "कंपनीतनंच आल्यागत वाटलं पायजे." म्हणजे पैसे खर्चायचे, पण खर्च दिसता कामा नये. या दंडकात एक मेख आहे, ती त्याला अजून उमगलेली नाही. काम नीट जमलं की ते कुणालाच दिसत नाही. आणि कुणाला दिसलं नाही की त्याचा जीव कासावीस होतो. मग तो विचारतो, "काय येगळं वाटतंय?" आणि कोडोली एकमुखानं उत्तर देते, "धुतलीस काय?"

छताला काळी फिल्म लावली. "धुतलीस काय?" आरशांची टोपणं बदलली. "धुतलीस काय?" अलॉयचा करडा रंग ठरेना, म्हणून त्यानं चारी चाकांना चार वेगळे करडे मारून आठवडाभर गाडी गावातून फिरवली. कुणालाही एका वेळी दोनच चाकं दिसतात, हे त्याच्या लक्षात आलं नाही. आठ पावलं मागं जाऊनही दोनच दिसतात. पानटपरीवाल्यानं तेवढं बारकाईनं बघून मत दिलं, "मागल्या चाकात हवा कमी हाय."

मागच्या स्पॉयलरचं प्रकरण तीन महिने चाललं. मी कधीकाळी विज्ञान शिकवलेलं, तेव्हा समजावून सांगितलं, की बाबा, वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. दोनशेच्या वेगाला जो दाब मिळेल त्याचा शंभरावा हिस्सा विसाच्या वेगाला मिळतो, आणि आठवडी बाजारातून तू विसानंसुद्धा जात नाहीस. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काका, ते वाऱ्यासाठी न्हाई, नजरंसाठी हाय." मग स्पॉयलर लावला, आठ पावलं सरकला, कडब्याच्या गंजीत जाऊन टेकला आणि तिथूनच ओरडला, "एक इंच जास्त हाय!" काढला.

कायदा मात्र त्याला तोंडपाठ. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच बंदी घातली, २०१७ च्या डिसेंबरात पुढच्या लोखंडी गार्डांवर केंद्र सरकारनं, आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम तर त्याच्या पाकिटात घडी घालून असतं. बाकीचे पोलिसांना बघून पळतात. हा पोलिसाजवळ स्वतःहून थांबतो. एवढ्या बारकाईनं गाडी बघणारा दुसरा माणूस त्याला भेटत नाही, हे त्यामागचं खरं दुःख.

वडिलांशी त्याचं वाजलं ते जोतिबावरून. डोंगर अंगणातून दिसतो, तेव्हा मागच्या काचेवर 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' हवंच, तेही पिवळ्या अक्षरांत काचभर, हा वडिलांचा हट्ट. शेवटी तडजोड झाली. काचेच्या खालच्या कोपऱ्यात, काचेच्याच रंगाच्या, मुंगीएवढ्या अक्षरांत चांगभलं उमटलं. वडील चष्मा लावून वाकले. "वाचाय येत न्हाई." पोरगा म्हणाला, "देवाला येतंय की!" चैत्र यात्रेला वडिलांनी त्याचा वचपा काढला. मूठभर नव्हे, पाटीभर गुलाल गाडीवर उधळला. पुढचे पंधरा दिवस सरक्या दात घासायच्या ब्रशनं फटींतला गुलाल काढत होता. त्या पंधरा दिवसांत त्याला कुणीही "धुतलीस काय" म्हणालं नाही, आणि तेव्हाच तो खरोखर धूत होता.

दसऱ्याला मला तो कोल्हापूरला घेऊन गेला. दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते, ती दाखवायला. गाडी आली, माणसं उसळली आणि या गृहस्थानं त्या गर्दीत डावा डोळा मिटून आठ पावलं मागं सरकायला सुरुवात केली. तिसऱ्या पावलाला एका पैलवानानं त्याला दोन्ही खांद्यांना धरून होता तिथं परत ठेवलं. येताना वाठारपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "पाचच पावलं मिळाली असती, तरी चाललं असतं."

त्याच्या एका खोडीबद्दल मात्र मला नाइलाजानं बरं बोलावं लागेल. पुढच्या बंपरखाली त्यानं एक काळी ओठपट्टी लावली आहे. ती घासू नये म्हणून तो प्रत्येक गतिरोधकावर गाडी तिरकी घालतो, एकेक चाक पाळण्यातल्या पोरासारखं उतरवतो. मागचे डंपरवाले त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, आणि मी शेजारी बसलो असलो तर माझ्याही. गेल्या पावसाळ्यात आमच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. रात्री दीडला कोल्हापूरपर्यंत न्यायचं होतं. त्यानं मागची सीट पाडली, कॅनची मॅट अंथरली, वर स्वतःच्या अंथरुणातली गादी टाकली. वाटेतला प्रत्येक खड्डा त्याला ओठपट्टीमुळे पाठ होता. प्रत्येक गतिरोधक तिरका. आई एकदाही कण्हली नाही. उलट वाठारच्या पुढे झोपली. दवाखान्याच्या दारात तिला उतरवल्यावर त्यानं आधी तिचं पांघरूण सारखं केलं. मग वाकून ओठपट्टी बघितली. क्रम नोंदवून ठेवतो.

आणि यंदाच्या गळीत हंगामातली गोष्ट. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, आम्ही मध्ये अडकलेलो. दोनच दिवसांपूर्वी त्यानं पुढच्या जाळीत एक बारीक लाल पट्टी बसवली होती. १९७६ च्या पहिल्या गोल्फ जीटीआयला होती तशी. पुढं २०१६ मध्ये कंपनीनं पोलोची जीटीआय भारतात आणली, तिच्यावरही ती होती. त्या गाड्या मोजून ९९, एकही याच्या नशिबी नाही, निदान पट्टी तरी. लाल गाडीवर लाल पट्टी. मलाही दिसली नव्हती, आणि तो अजून विचारायचं धाडस करत नव्हता.

समोरून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर आला. बॉनेटला गोंडे, छत्रीला झालर, मडगार्डवर मोर, डेक ठणाणा वाजतोय आणि सगळ्यावर शेतातल्या चिखलाचा बोटभर थर. ड्रायव्हरनं डेक बंद केला, वरून वाकून बघितलं आणि म्हणाला, "भावा, जाळीतली पट्टी नवी न्हवं? झ्याक बसलीया. कंपनीचीच वाटतीया."

सरक्यानं इंजिन बंद केलं. उतरला. त्याला बोलता येईना, ही घटना मी प्रथमच पाहत होतो. मागं हॉर्नांचा कल्लोळ उठला होता. ड्रायव्हरही खाली आला, दोघांनी पट्टीवरून बोट फिरवलं, किंमत विचारली, सांगितली, खरी नसावी. मग ड्रायव्हर जरा लाजत म्हणाला, "तुमची नजर हाय. आमच्या ट्रॅक्टरला आनी काय करावं, सांगा की."

सरक्या ट्रॅक्टरकडे तोंड करून आठ पावलं मागं गेला, कडेच्या उसात निम्मा शिरला, डावा डोळा मिटला. रांग, हॉर्न, शिव्या, कशाचीही घाई न करता त्यानं गोंड्यांपासून मोरापर्यंत सगळं न्याहाळलं आणि उसातूनच सांगितलं,

"आदी धू."