वरून तूप

आमचं कोपर स्टेशन दुमजली आहे. खालून कल्याण-ठाण्याच्या लोकल धावतात आणि वरून दिवा-वसई मार्ग जातो. वरच्या मजल्यावर प्रवासी गाड्या मोजक्या, मालगाड्या मात्र मोप. रात्री सगळं निजानीज झालं की मालगाडीचा तो न संपणारा खडखडाट सुरू होतो आणि आमची आई अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून डबे मोजते. झोप येईपर्यंत तिचा हाच जप असतो.

त्यामुळे गेल्या जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली भाची पहिल्याच जेवणाला म्हणाली, "आजी, मी वीगन आहे," तेव्हा आईनं ते आपल्या सवयीनं ऐकलं.

"वॅगन? इतकी काही जाड नाहीस गं तू."

खुलासा झाला. दूध नाही, दही नाही, ताक, लोणी, तूप, पनीर काहीही नाही. मधसुद्धा नाही. आईच्या हातात तेव्हा तुपाचा चमचा होता आणि तो वरणभाताच्या मुदीवर येऊन पोचला होता. तो तिथेच अधांतरी थांबला. आमच्या घरात तो चमचा असा अडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"मग खाणार काय?" आईनं विचारलं. वाक्य तीनच शब्दांचं, पण त्यात पोर आठवड्याभरात सुकून जाणार हे गृहीत धरलेलं होतं.

मी माहिती पुरवायला गेलो. हा शब्द १९४४ सालचा. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाच्या गृहस्थानं आणि त्याच्या मित्रमंडळींनी 'व्हेजिटेरियन' या लांबलचक शब्दाची सुरुवातीची तीन आणि शेवटची दोन अक्षरं घेतली आणि मधली टाकून दिली. म्हणजे डोकं ठेवलं, शेपूट ठेवलं.

"आणि पोट काढून टाकलं," आई म्हणाली. "तेच म्हणतेय मी."

पुढचे दोन दिवस आमच्या स्वयंपाकघराचे हाल झाले. बायको जिद्दीची. तिनं मोबाइलवर पाककृती पाहून बदामाच्या दुधाचं खोकं आणलं, टोफू आणला, कसल्याशा बिया आणल्या. बदामाच्या दुधाची किंमत वाचून मी ते खोकं फ्रिजमध्ये अदबीनं ठेवलं. टोफूची मटर-पनीरसारखी भाजी झाली, पण पनीर जसं मसाल्याशी सलगी करतं तशी त्यानं केली नाही. रश्श्यात तो शेवटपर्यंत पाहुण्यासारखा अवघडून बसला. भाचीनं निमूट खाल्लं. पोटभर झालं का विचारलं तर "हो मामी" म्हणाली आणि तासाभरानं डब्यातले शेंगदाणे खाताना सापडली.

तिसऱ्या दिवशी पावसानं लोकल रखडल्या. बायको घरी पोचली तेव्हा साडेनऊ वाजले होते. अशा रात्री मराठी घरात जे होतं तेच झालं. पिठलं टाकलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, कांदा बुक्कीनं फोडला, हिरव्या मिरचीचा ठेचा होताच. भाचीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि कढईत उरलेली पिठल्याची खरपुडीही खरवडून घेतली. बायको बघत राहिली, मग बोटं मोडत मोजायला लागली. बेसन, कांदा, लसूण, मिरची, हळद, हिंग, तेल, तांदळाचं पीठ, मीठ, पाणी.

"अहो," ती म्हणाली, "हे सगळं वीगनच आहे की!"

त्या रात्री मला एक शोध लागला. आपल्या रोजच्या स्वयंपाकात दूधदुभतं आत फारसं नसतंच, ते वरून असतं. वरणभातावर वरून तूप. थालीपिठावर वरून लोणी. मिसळीवर वरून दही, हवं तर. पुरणपोळीवर वरून तुपाची धार, आणि शेजारी वाटीत दूध. कढी, खीर, श्रीखंड, बासुंदी हे सरळसरळ दुधाचे वंशज सोडले, तर आपलं ताट खालपासून डाळ, कडधान्य, भाकरी, पालेभाजी, नारळ, दाणे, तीळ यांचंच. तूप ही त्यावरची माया. भाचीनं जेवण नाकारलं नव्हतं, माया नाकारली होती. आईला लागलं ते हे.

एकदा गुपित कळल्यावर डब्याचा प्रश्न सुटला. भाचीचं ऑफिस ठाण्याला. सकाळी आठच्या आत डबा भरून हवा, आणि दुपारी दीडला तो गार खाल्ला तरी गोड लागायला हवा. गार डब्याच्या परीक्षेत भलेभले पदार्थ नापास होतात. पिठलं थापीसारखं थिजतं, म्हणून डब्याला कोरडा झुणका. मटकीची उसळ गार असताना जास्त मुरते. पीठ पेरून केलेली सिमला मिरची पोळीत गुंडाळून उभ्या उभ्या खाता येते. भाजणीचं थालीपीठ दुपारपर्यंत मऊ राहावं तर त्यात कांदा हात सैल सोडून घालायचा. लोण्याऐवजी बरोबर कारळ्याची चटणी. मसालेभातावर तुपाऐवजी ओलं खोबरं. आणि घाईच्या दिवशी दडपे पोहे. पातळ पोह्यांना ओलं खोबरं, नारळाचं पाणी, कांदा, लिंबू चोळून वर फोडणी घालायची. गॅस पेटवायचा तो फोडणीपुरता. दडपून ठेवल्यावरच ते चांगले लागतात, म्हणजे दादर ते कल्याण प्रवास करणाऱ्या आपल्यासारखेच. (माझा हा विनोद घरात आता कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहिला.)

यातल्या एकाही पदार्थाच्या नावाखाली आपण कधी काही लिहिलेलं नव्हतं. आता सरकारी नियमही झालेत. २०२२ पासून वीगन खाद्यपदार्थांसाठी भारतात वेगळी नियमावली आहे, पाकिटावर हिरवं बोधचिन्ह असतं. झुणक्यावर ते कोण छापणार?

डोंबिवली-कोपरच्या लोकांना तर हे आणखी सोपं. आमच्याकडे पोळी-भाजी केंद्रांना तोटा नाही. संध्याकाळी गाडीतून उतरलेली बाई दहा पोळ्या आणि पाव किलो भाजी घेऊनच घर गाठते. भाचीनं एकदा तिथे चाचपून विचारलं, "पोळ्यांना तूप लावता का?" काउंटरवरच्या मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं सोन्याचा वर्ख मागितला. "ह्या भावात तूप? तेलाचं बोट फिरवतो, झालं." महागाईनं आमचा अर्धा तालुका केव्हाच वीगन करून टाकलाय, फक्त कुणी त्याला सांगितलेलं नाही.

आमच्या कोपर गावातल्या शेजारच्या आगरी वहिनींना मात्र हा प्रकार पचला नाही. त्यांची तांदळाची भाकरी म्हणजे रुमालासारखी मऊ, पण तिच्या जोडीला खाडीचं काहीतरी हवंच. मांसमच्छी नाही इथवर त्यांनी ऐकून घेतलं. "सुकटपन नाय?" त्यांनी विचारलं. नाही. "आन दूदपन नाय?" नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग घरात जाऊन वाटीभर शेवग्याच्या शेंगा घातलेलं वालाचं कालवण घेऊन आल्या. मराठी माणसाला एखादा विचार पटला नाही तरी त्या विचाराच्या माणसाला उपाशी ठेवणं त्याला जमत नाही.

वालाचा विषय निघालाच आहे तर थांबतो. माझ्या मते या सगळ्या जेवणांचा राजा वालाचं बिरडं. कडवे वाल सकाळी भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायचे आणि वर काहीतरी जड ठेवायचं. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत फडक्यातून पांढरी शेपटं डोकावतात आणि घरभर एक उग्र वास पसरतो. हा वास ज्याला आवडत नाही त्याला बिरडंही देऊ नये. तिसऱ्या दिवशी सकाळी वाल कोमट पाण्यात टाकून सगळ्यांनी परातीभोवती बसायचं. वाल चिमटीत धरून हलके दाबला की साल हातात राहते आणि डाळिंबी टुणकन उडते. जोर जास्त झाला तर ती परातीऐवजी सोफ्याखाली जाते. आई दर मिनिटाला पंधरा-वीस सोलते, भाची सुरुवातीला चार सोलायची आणि त्यातल्या दोन हरवायची. मग तेलावर हिंग, हळद, आलं-लसणीचं वाटण, डाळिंब्या परतून गरम पाणी, कोकम, गुळाचा खडा आणि शेवटी नारळाचं दूध. डाव फार फिरवायचा नाही, डाळिंब्या मोडतात. अख्ख्या राहिल्या पण जिभेवर ठेवताच विरघळल्या, तर जमलं. गरम भात, बिरडं आणि थंड सोलकढी. सोलकढीतही कोकम आणि नारळाचंच दूध. या जेवणानंतर ज्याला तुपाची आठवण होते त्याचं पोट नाही, मन भरलेलं नाही असं समजावं.

अर्थात पोट भरण्यालाही हद्द असते. 'सत्याचे प्रयोग'मध्ये गांधीजींनी सांगितलेला किस्सा मी भाचीला मुद्दाम वाचायला दिला. त्यांनी दूध सोडलेलं होतं. १९१८ साली खेडा जिल्ह्यात हिंडताना भुईमुगाचं लोणी आणि लिंबू यांवर ते राहत. पोट बिघडलं. त्यातच आश्रमात एक सण आला. दुपारी काही खाणार नाही असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण कस्तुरबांनी त्यांच्या व्रताला धक्का लागू नये म्हणून तुपाऐवजी तेल घालून गव्हाची गोड लापशी केली आणि वाटीभर मूग वेगळे काढून ठेवले. दोन्ही आवडीचे. थोडंसंच खाऊ म्हणून बसले आणि भरपेट जेवून उठले. तासाभरात आमांशानं गाठलं, आणि ते दुखणं कित्येक महिने चाललं. पुढे १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत डॉक्टर दूध घ्या म्हणून अडून बसले, तेव्हा कस्तुरबांनीच वाट काढली. व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती ना? मग बकरीचं दूध चालेल. गांधीजींनी ते घेतलं, आणि आपण व्रताचा शब्द पाळला, आत्मा नाही, ही बोच पुढे लिहूनही ठेवली.

भाचीनं वाचून पुस्तक मिटलं. "मामा, तू मला बकरी सुचवतोयस का?"

नव्हतो सुचवत. मला त्या लापशीत तेल घालणारी बाई आवडते, एवढंच. नवऱ्याचं व्रत तिनं स्वतः घेतलं नव्हतं, पण सणाच्या दिवशी त्याच्या पानात काय पडेल याची चिंता तिनंच केली.

आणि आमच्या आईचंही तसंच झालं. गणपती आले, दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आईनं आदल्या दिवशीच बाजारातून अळू, माठ, लाल भोपळा, मक्याची कणसं, सुरण, पडवळ, भेंडी आणि अंबाडे आणवले होते. सगळं एकाच पातेल्यात, ना फोडणी ना मसाला. भाची कुतूहलानं जवळ बसली. आईनं तिला समजावलं की आज बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं नाही, परसातलं, आपोआप उगवलेलं तेवढंच. तांदूळसुद्धा न नांगरता पाणथळ जागी उगवणारा देवभात.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, म्हणजे बैलाचे श्रमसुद्धा नाहीत? आम्ही तर नुसत्या दुधापाशी थांबलो."

आई खूश झाली, पण ऋषीच्या भाजीतलं सुरण चिरता चिरता खाजेनं हात चोळत म्हणाली, "आमचं वर्षातून एक दिवस असतं बाई. तुझं रोज." हे तिनं कौतुकानं म्हटलं की काळजीनं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मध्येच म्हणालो की हल्ली शेत ट्रॅक्टरच नांगरतो, त्या हिशेबानं आपली वर्षभर ऋषिपंचमीच चालू आहे. दोघींनीही दुर्लक्ष केलं.

अडचणी राहिल्यात, नाही असं नाही. चहाची कोंडी फुटलेली नाही. भाची गवती चहा आणि आलं घालून कोरा पिते, आईला वाटतं पोरीला ताप आलाय. स्टेशनबाहेरच्या टपरीवाल्यानं "बिनदुधाचा? पैसे तेवढेच" असं आधीच बजावलंय. बी-१२ जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून ती त्याची गोळी घेते. या बाबतीत मी तिला ऋषिमुनींवर विसंबू दिलेलं नाही. आणि साबुदाण्याची खिचडी तुपाशिवाय शेंगदाणा तेलात होते खरी, पण आई ती उपासाची धरत नाही. वेगळ्या कढईत होते.

वरणभातावर मात्र तोडगा निघाला. आईनं आपण होऊन काढला. पांढरे तीळ भाजून, त्यात सुकं खोबरं, लसूण, तिखट घालून कुटलेली चटणी, आणि त्यावर कच्च्या शेंगदाणा तेलाची चमचाभर धार. तुपाचा तोच चमचा, तोच हात, तीच मुदीच्या मधोमध केलेली खळी. धार सोडताना आई अजूनही सवयीनं "पुरे का?" विचारते, आणि भाची पुरे म्हणाली तरी आणखी थोडी सोडते.

तुम्हालाही कधी यायचं असेल तर जरूर या. फक्त रविवारी बिरडं हवं असेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत कळवा, वाल शुक्रवारी सकाळी भिजत पडायला हवेत. आणि कल्याण फास्टमध्ये बसू नका. कोपरला स्लोच थांबते.