पंखा पाचावर

अहो, ऐकलंत का? काल भिशीला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पंखा पाचावर केला. जानेवारीत! आम्ही शाली लपेटून बसलेल्या आणि यांचं कपाळ घामानं डबडबलेलं. त्यांची सून पटकन म्हणाली, "आईंचा मेनोपॉज चालू आहे ना, हॉट फ्लशेस येतात." मोठ्यानं हो! आत काकांची मॅच चालू होती, तिचा आवाज एकदम बंद. वहिनींचं तोंड असं उतरलं…

आणि आमच्या आत्याबाई, ऐंशीच्या, ठसक्यात म्हणतात कशा, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं."

तर काय सांगत होते… बी विंगमधल्या प्रोफेसरबाईंनी लगेच राजस्थान काढलं. मार्शा फ्लिंट म्हणून अमेरिकन बाई, १९७५ साली त्यांनी लिहिलंय. राजस्थान-हिमाचलातल्या ४८३ रजपूत बायका, त्यांत कुरकुर करणाऱ्या अगदी थोड्या. का, तर पाळी गेली की पडदाही गेला! खाली पुरुष घरची दारू पीत बसलेले, त्यांच्यात येऊन बसायचं, गप्पा छाटायच्या. जपानी बायका तर म्हणे खांदे आखडल्याचं सांगतात, गरम होण्याचं फारसं नाहीच. आम्ही गप्प. आपल्याला काय मिळालं? कॅल्शियमच्या गोळ्या!

"मला मिळालं की," आत्याबाई सरसावल्या. "चार दिवस कोपऱ्यात बसणं सुटलं. सासूबाईंनी देवघर दिलं, गौरींचा नैवेद्य माझ्या हातचा." वहिनींनी हळूच विचारलं, "पण गरम व्हायचं का हो?" तर म्हणे, "व्हायचं की! चुलीपुढं बसलेलीला कोण विचारतंय, घाम कसला आलाय."

आता बोला! सगळ्या अशा हसलो…

आणि दारातून भांडीवाल्या मावशी म्हणाल्या, "माझी तर पिशवीच काढली, तिशीच्या आत. तवापासनं अंग भाजतंय." बीडच्या ना त्या, ऊसतोडीला जायच्या. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, मग दुखणं काढायचं कधी? पेपरात आलंच होतं की, २०१९ ला सरकारी समिती बसली तेव्हा. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. वहिनींच्या हातातला चहा तसाच राहिला. आत्याबाई पदराचं टोक चाळवत बसल्या, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. सुनेनं खुर्ची पुढं केली, पण मावशी बसतायत कसल्या? कपबशा उचलून मोरीकडं गेल्या.

पण एक झालं हं. पुढच्या भिशीला डॉक्टरीणबाईंना बोलवायचं ठरलंय, मावशींनाही यायचंय. फळ्यावर लिहायचं काम सेक्रेटरींकडं. त्यांनी लिहिलंय, 'महिलांसाठी उपयुक्त माहिती'. कसली माहिती म्हणून मी मुद्दाम विचारलं, तर माणूस लिफ्टची वाटसुद्धा न बघता जिन्यानं पळाला. पाचव्या मजल्यावर राहतात हो ते!