धाकटी पाती

उज्जैनच्या देवास गेटची दुकानं प्रवाशांच्या विसरभोळेपणावर उभी आहेत. एका हाकेवर रेल्वे स्टेशन, दुसऱ्या हाकेवर बसस्टँड, आणि मधल्या पट्ट्यात माणूस घरी विसरून येऊ शकेल अशी प्रत्येक वस्तू: कुलूप, टूथब्रश, पंचा, चार्जर, इअरफोन. २०२२ मध्ये महाकाल मंदिराचा ‘महाकाल लोक’ हा परिसर खुला झाला तेव्हापासून येणारे वाढले. त्या हिशेबाने विसरणारेही वाढले असणार, कारण दुकानांत आता माल असा रचलेला असतो की खुद्द मालकाला आपल्या खुर्चीपर्यंत अंग चोरून जावं लागतं. अशाच एका दुकानात, छतापासून सुटलेल्या वायरींच्या पारंब्यांखाली, व्हिडिओ गेमचे कंट्रोलरही मिळतात. भस्म आरतीला निघताना गेमचा कंट्रोलर घरी विसरणारा भाविक कोण असेल, याचं मला फार कुतूहल वाटत आलं आहे.

माझं काम साधं होतं. भाचा सुट्टीत पुण्याहून यायचा होता. पूर्वीची मुलं मामाच्या गावाला कैऱ्यांच्या ओढीने जात म्हणे. हा आपली गेमची पेटी कपड्यांत गुंडाळून आणतो आणि फोनवर आधीच बजावतो, ‘मामा, दुसरा कंट्रोलर तू तिकडे घेऊन ठेव.’ दुसरा म्हणजे माझा. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, ‘तार वाला दूँ या बिना तार का?’ त्याच्या दृष्टीने प्रश्न दोन खोक्यांमधला होता. मला मात्र त्यात सगुण-निर्गुणाचा जुना वाद ऐकू आला. एक डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, कुठून निघाला आणि कुठे पोचला ते बोट ठेवून दाखवता येतं. दुसऱ्याचा सगळा कारभार श्रद्धेवर. संतांनी दोन्ही एकच असल्याचा निवाडा केव्हाच देऊन ठेवला आहे. पण संतांना दोन खोक्यांच्या किमतीतला फरक भरायचा नव्हता.

गल्ल्याशेजारी बसलेल्या एका पोराला माझी दया आली असावी. ‘अंकल, बिना तार वाले में लॅग आता है,’ तो म्हणाला. लॅग म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावरचा वीर हलेपर्यंत मध्ये सांडणारा वेळ. त्याचा हिशेब मोठा सूक्ष्म आहे. साधा यूएसबी वायरचा कंट्रोलर सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, यंत्राला आपली खबर देतो. भारीतला १००० वेळा. चांगला बिनतारी कंट्रोलर यात थोड्याशाच मिलिसेकंदांची भर घालतो. गेमचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलत असेल, तर एकेक चित्र पडद्यावर जेमतेम १७ मिलिसेकंद टिकतं. आणि समोर काहीतरी हललं हे पाहून माणसाचं बोट उठायलाच २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, तेही माणूस तरणाताठा असेल तर. त्यात घरातला टीव्ही चित्र आणखी गोंडस करण्याच्या नादात स्वतःच वेळ खात बसतो. त्याला ‘गेम मोड’वर टाकलं नाही, तर वायरने कष्टाने वाचवलेलं सगळं तो एकटा उधळतो. जुन्या कालगणनेतलं एक विपळ ०.४ सेकंदाचं. माझं बोट उठायला अर्धं विपळ तरी हवंच, आणि तेवढ्यात ती साधी वायर पंचवीस वेळा येऊन विचारून जाते, ‘दाबताय ना?’ वायर आणि हवा यांच्या शर्यतीत शेवटचा नंबर खेळणाऱ्याचाच लागतो.

हा वाद उज्जैनला व्हावा यात एक मौज आहे. इथला देवच काळाचा स्वामी. आपल्या जुन्या ज्योतिषांनी रेखांशांची मोजणी सुरू केली तीही याच गावापासून. शिप्रेच्या काठी सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे; ती मोडकळीला आली तेव्हा १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. तिथल्या सम्राट यंत्राची भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे २३ अंशांनी, आभाळाकडे चढत जाते आणि तिची सावली वेळ सांगते. पण ती वेळ आपल्या मनगटावरच्या वेळेशी जुळत नाही. देशाचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं, उज्जैन पावणेशहात्तर अंशांवर आहे, आणि मधलं अंतर तोडायला सूर्याला सुमारे २७ मिनिटं लागतात. ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण घड्याळात बारा वाजतात तेव्हा उज्जैनच्या सूर्याचे जेमतेम साडेअकरा झालेले असतात. एकेकाळी ज्याच्यावरून सगळ्यांनी वेळ लावायची, ते गाव आज २७ मिनिटांच्या लॅगवर चाललं आहे. तरी इथे आरत्या वेळेवर होतात, लग्नं लागतात, पोहे-जिलेबी गरम मिळते. हे सगळं मी त्या पोराला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘तो फिर आप तार वाला ही ले लो.’

वायरचा खरा दोष वेळेचा नाहीच, पायांचा आहे. १९५० मध्ये अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने टीव्हीचा रिमोट काढला, त्याचं नाव ‘लेझी बोन्स’. तो वायरने टीव्हीला बांधलेला होता आणि दिवाणखान्यातली माणसं त्या वायरला अडखळत. मग १९५५ मध्ये युजीन पॉली या तंत्रज्ञाने प्रकाशाच्या झोतावर चालणारा बिनतारी रिमोट केला. तर खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपणहून चॅनेल बदलू लागला. माणसाच्या हातातून वायर सुटली आणि रिमोट सूर्याच्या हाती गेला. गेमवाल्यांचीही अशीच ओढाताण. अटारीने १९८३ मध्येच रेडिओलहरींवरची जॉयस्टिक करून पाहिली. निन्टेन्डोचा बिनतारी ‘वेव्हबर्ड’ आला २००२ मध्ये. पण माझं मन जडलं आहे ते त्याच्या आदल्या वर्षीच्या पहिल्या एक्सबॉक्सवर. त्याची वायर तशीच ठेवलेली होती, फक्त तिच्यात एक सांधा घातलेला होता. कुणाचा पाय अडकला की तो सांधा अलगद सुटायचा आणि पेटी टेबलावरून कपाळमोक्ष होण्यापासून वाचायची. ऐन लढाईत आई वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून खोलीतून आडवी जाणार, तिला पायाखालचं दिसणार नाही, आणि तिला कोणी थांबवू शकणार नाही, हे त्या इंजिनिअरांनी गृहीत धरलं होतं. आईचा रस्ता बदलता येत नाही, तेव्हा वायरलाच सोडून द्यायला शिकवावं, इतका शहाणपणा एखाद्या प्लगमध्ये असतो हे मला फार हृद्य वाटतं.

आमच्या लहानपणीच्या वायरला असलं शहाणपण नव्हतं. १९८३ च्या फॅमिकॉम या जपानी गेमपेटीच्या नकला नव्वदीत गल्लोगल्ली पोचल्या होत्या. कॅसेटच्या तोंडात फुंकर मारून ती बसवायची आणि कंट्रोलरला बिनदिक्कत रिमोट म्हणायचं. मूळ फॅमिकॉमचे दोन्ही कंट्रोलर पेटीलाच कायमचे जोडलेले, आणि दुसऱ्यावर स्टार्ट नि सिलेक्टची बटणंच नव्हती. खेळ मांडणं आणि मोडणं पहिल्याच्या हाती. देवास गेटवरून ज्या गावचा रस्ता धरतात त्या देवासला हा प्रकार नवा वाटला नसता. तिथे तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या दोन शाखांनी एकाच गावात दोन राज्यं केली, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, राजे दोन, दरबार दोन. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. पुढे त्याने त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. आमच्या घरची थोरली पाती म्हणजे ताई. धाकटी मी.

वायरी तोकड्या होत्या. टीव्ही टेबलावर, पेटी त्याच्या पायाशी, आणि आम्ही पेटीच्या पायाशी, मांडीला मांडी लावून. ‘डोळे जातील, मागे सरका,’ असं आई म्हणायची. मागे सरकायचं तर पेटी सोबत ओढावी लागे, म्हणून आम्ही मान तेवढी मागे न्यायचो. माझ्या रिमोटची वायर मानेपाशी पिचली होती. बाबांनी तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि पट्टीचा गोंद उन्हाळ्यात विरघळून तळव्याला लागे. विशिष्ट कोनात धरली तरच वायर माझं ऐकायची. आम्ही ‘कॉन्ट्रा’ खेळायचो. त्यात एक धबधबा येतो. दोघांनी खडकांवरून उड्या मारत वर चढायचं. पहिला भराभर वर गेला की चित्र त्याच्यामागे वर सरकतं, आणि खाली राहिलेला दुसरा पडद्याबाहेर पडून हकनाक मरतो. गेम करणाऱ्यांनी त्यात भावंडांच्या नात्याची परीक्षाच मांडून ठेवली होती. ताई वरच्या खडकावर जाऊन थांबायची. गोळ्या अंगावर घेत थांबायची. ‘मार की रे उडी!’ हे तिच्या तोंडून बाहेर पडायच्या आत तिचं कोपर माझ्या बरगडीत बसलेलं असायचं. आज मिलिसेकंदांची सगळी कोष्टकं समोर ठेवली तरी मी सांगेन, त्या कोपराचा लॅग शून्य होता.

बिनतारी कंट्रोलरला कोपर नाही. त्याचे बाकीचे गुण मला मान्य आहेत. लोळत खेळावं, उभ्याने खेळावं, खेळता खेळता फ्रिज उघडावा. पण त्याच्या स्वातंत्र्याला संध्याकाळी परत यायची अट असते, कारण त्याला चार्जिंग लागतं. एक्सबॉक्स ३६० च्या बिनतारी कंट्रोलरसाठी चार्जिंगची वायर मिळायची. ती लावून खेळता येई, पण त्या वायरीतून जायची फक्त वीज. बटणांचा निरोप हवेतूनच. वयात आलेली मुलं अशीच असतात, जेवण घरातून आणि बोलणं सगळं बाहेर. स्पर्धांमध्ये तर या कंट्रोलरांनी भुताटकी करून सोडली आहे. खेळून झालेला गडी कंट्रोलर तसाच पिशवीत टाकतो, त्याचा मागच्या यंत्राशी जुळलेला संबंध तुटलेला नसतो, पिशवीत एखादं बटण दाबलं जातं, आणि स्टेजवर दुसऱ्याच दोघांची रंगात आलेली लढत गपकन थांबते. म्हणून कित्येक ठिकाणी आयोजक वायरचाच आग्रह धरतात. आणि लाइट गेली म्हणजे? टीव्ही काळाठिक्कर, पेटी गप्प, पण बिनतारी कंट्रोलरचा दिवा तेवढा आपल्या बॅटरीवर लुकलुकत राहतो. घोडा गेला तरी लगाम हातात असल्याचा तो दिमाख पाहवत नाही.

मी तारवाला घेतला. दुकानदाराला कारण हवं होतं असं नाही, तरी मी किमतीचं सांगितलं. खरं सांगायचं तर बिनतारी घेतला असता तर मी मागे सोफ्यावर बसलो असतो, एका हातात कंट्रोलर आणि दुसऱ्या हातात फोन. आणि भाच्याने मामाबरोबर सुट्टी घालवली असं दोघांनीही पुढे प्रामाणिकपणे सांगितलं असतं. काही माणसांना जागेवर बसवायला वायर लागते.

भाचा आला, बरोबर त्याची आई, म्हणजे ताईही. त्याने वायर पाहून भुवया उंचावल्या, मग तिची लांबी डोळ्यांनी मोजली आणि जाहीर केलं, ‘मामा, तुला खाली बसावं लागेल.’ बसलो. त्याचा स्वतःचा कंट्रोलर बिनतारी, त्यामुळे त्याला पलंग, सोफा, झोपाळा सगळं मोकळं होतं. दोन-तीन डाव तो तसा फिरत खेळला. मग सतरंजीवर माझ्या शेजारी येऊन टेकला, कारण मी सारखा मरत होतो आणि तिकडून ओरडून त्याचा घसा बसला होता. ‘तुझा तर वायरचा आहे,’ तो म्हणाला, ‘तरी तुला लॅग कसा?’ मी त्याला रेखांशांचं गणित सांगितलं. आमचा मूळचाच २७ मिनिटांचा आहे म्हटलं.

तेवढ्यात ताई गच्चीवरून कपड्यांचा ढीग घेऊन आली आणि आमच्या आणि टीव्हीच्या मधून आडवी गेली. खाली बघितलं नाही, थांबली नाही. वायर जिथे होती तिथे तिचा पाय आपसूक उचलला गेला आणि पलीकडे पडला. पलीकडे गेल्यावर मात्र ती वळली, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ढीग माझ्या मांडीवर ठेवला आणि हात पुढे केला. ‘आण इकडे. तुला अजून उडी मारता येत नाही.’

थोरली पाती वारशाने आधीच भाच्याकडे गेली होती. त्या संध्याकाळी धाकटीही खालसा झाली. मायलेक सतरंजीवर खांद्याला खांदा लावून बसले, आणि थोड्याच वेळात भाच्याचा ‘आई, कोपर नको ना!’ असा आवाज आला. मला घड्या घालायचं खातं मिळालं. त्यात लॅग पुष्कळ आला, पण कुणी मेलं नाही.