पिवळ्या चौदाच्या नादी लागणाऱ्यांसाठी

सर्वप्रथम विमानाच्या मॉडेल-किटच्या खोक्यावरचं चित्र विसरा. आतला डेकलचा, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या खुणांचा, कागद जास्त विश्वासू वाटेल. त्याच्यावरही भरवसा ठेवू नका. अविश्वास अंगात मुरला की तुमचं शिक्षण सुरू झालं असं समजा.

आता विमान निवडा. नवशिके हमखास हान्स-योआखिम मार्सेयच्या मेसरश्मिट 109 वर येऊन थांबतात. उत्तर आफ्रिकेतला जर्मन वैमानिक, नावावर 158 विमानं पाडल्याची नोंद, धडावर पिवळा 14. सोपं वाटतं ना? गोम इथेच आहे. मार्सेयनं एकामागून एक विमानं वापरली आणि नव्या विमानावर पुन्हा तोच 14 चढला. तेव्हा आधी तारीख ठरवा. त्यासाठी सुकाणूवरच्या रेघा मोजा. पाडलेल्या प्रत्येक विमानामागे एक. 1 सप्टेंबर 1942 ला पठ्ठ्यानं एका दिवसात 17 विमानं पाडल्याचा दावा केला. म्हणजे त्या दिवसापुरतं मॉडेल सकाळचं की संध्याकाळचं, हेही तुम्हालाच सांगावं लागणार.

पुढची पायरी: फोटो मिळवा. तो कृष्णधवल असेल, आणि खोटं बोलेल. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म पिवळा आणि लाल रंग काळपट दाखवते, आकाशी पांढरट. फोटोत आकडा काळा दिसला की नवशिक्या काळा रंगवतो. जाणता मनुष्य छद्मी हसून पिवळी डबी उघडतो. मग कळतं, ती फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक नव्हतीच.

खुणांचा नियम मात्र सरळ आहे, म्हणूनच त्यावर कोणी फारसं भांडत नाही. धडावरच्या क्रुसामागे आडवी पट्टी म्हणजे दुसरा ग्रुप, उभी पट्टी किंवा नागमोडी रेघ म्हणजे तिसरा, काहीच नाही म्हणजे पहिला. मार्सेय पहिल्या ग्रुपच्या तिसऱ्या स्टाफेलमधला (म्हणजे स्क्वाड्रनमधला), म्हणून आकडा पिवळा आणि मागे पट्टी नाही.

रंगांना जर्मन हवाई मंत्रालयाचे क्रमांक आहेत. वाळवंटात वर 79, म्हणजे वाळूचा, आणि खाली 78, म्हणजे फिकट निळा. नेमकी छटा कोणती, हे विचारू नका. ऊन सगळ्यांवर सारखं पडत नाही. हे जड जात असेल तर 1945 चं विमान घ्या. तेव्हा धड एका कारखान्यातून यायचं, पंख दुसऱ्यातून, रंग जुळायचेच असं नाही. तुमची चूक कोणाला सिद्ध करता येणार नाही. काढतील मात्र सगळे.

शेपटीवरचं नाझी चिन्ह बऱ्याच डेकलच्या कागदांवर दोन तुकड्यांत येतं किंवा येतच नाही, कारण जर्मनीत त्याच्या जाहीर वापरावर कायद्यानं बंदी आहे. तुकडे जोडून लावलंत, तर घरी कोणीतरी ‘स्वस्तिक तिरकं का लागलंय?’ असं विचारणारच. तिथे विनोद करू नका. ते कोणाचं चिन्ह होतं आणि त्यांनी काय केलं, हे स्वच्छ सांगा.

शेवटची अडचण: हातातल्या फोटोत विमानाची डावी बाजूच दिसते. उजवीकडे काय होतं, यावर बरीच वर्षं घालवता येतात. तेवढा वेळ नसेल, तर मॉडेल कपाटात ठेवताना उजवी बाजू भिंतीकडे करा.