चौकट दिसली तर भरू नये
(संगणकावर खास चिन्हे कशी उमटवावीत : नवशिक्यांसाठी सोपी वाट)

साहित्य : एक संगणक, त्याचा कळफलक, दोन हात, घरातून जेवणाची हाक येणार नाही असा अर्धा तास आणि एक निळे बॉलपेन. पेन कशाला, ते शेवटी कळेल.

पूर्वतयारी : कळफलकाकडे पाच मिनिटे नुसते पाहा. ^ आहे, ~ आहे. उभ्या जन्मात आपण त्यांना बोट लावलेले नाही, पण त्यांची हक्काची बटणे आहेत. √ मात्र नाही. ÷ नाही. अर्धा, पाव, पाऊण, कोणीच नाही. वयाचा मान म्हणावा, तर √ हे चिन्ह रुडॉल्फ या जर्मन गणितज्ञाने १५२५ साली छापले आणि = हे रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ साली. बत्तीस वर्षांनी धाकट्याला स्वतंत्र खोली मिळाली, थोरला अजून व्हरांड्यात झोपतो. कारण साधे आहे. कळफलक टाइपरायटरच्या वंशातला, आणि टाइपरायटर पत्रव्यवहारासाठी नि हिशेबासाठी जन्मला. कारकुनाला वर्गमूळ लागत नाही.

रीत पहिली : आकडे लावून

भाषा इंग्रजीवर ठेवा. डाव्या अंगठ्याने ऑल्ट दाबून धरा. कळफलकाच्या उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनावर ०२४७ टाइप करा. तोवर पडद्यावर काहीच दिसणार नाही, घाबरू नका. आता अंगठा उचला. ÷ उमटेल. घरच्यांना बोलावून दाखवा.

आणखी काही आकडे भिंतीवर चिकटवून ठेवावेत :
× साठी ०२१५
± साठी ०१७७
° साठी ०१७६
¼, ½, ¾ साठी अनुक्रमे ०१८८, ०१८९, ०१९०
√ साठी नुसते २५१

सुरुवातीच्या शून्याला किंमत नसते, असे आपण मुलांना शिकवतो. इथे असते. ०२४७ ऐवजी २४७ केलेत, तर भागाकार न येता ≈ येते, म्हणजे ‘जवळपास इतकेच’. ‘८ ÷ २’ लिहायला जाल आणि ‘८ ≈ २’ छापाल. किराणा दुकानात चालून जाईल, सहावीच्या पेपरात नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी खास सूचना : आकड्यांचा तो चौकोन तुमच्याकडे बहुधा नाही, आणि वरच्या ओळीतल्या आकड्यांनी हे काम होत नाही. आपण पुढच्या रीतीकडे वळावे.

रीत दुसरी : वर्डमध्ये

वर्डमध्ये २, २, १ आणि इंग्रजी ए लिहा, मग ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा. चारही अक्षरे नाहीशी होऊन √ उभे राहील. पण हे √ बिनछपराचे असते. ‘√९ + १६’ लिहिले, तर उत्तर १९ की ५, हे छप्पर कुठवर आहे यावर ठरते. तेव्हा कंस तरी घाला, नाहीतर ऑल्ट आणि = एकत्र दाबा. समीकरणाची पेटी उघडेल. तिच्यात उलटी तिरकी रेघ देऊन एस-क्यू-आर-टी लिहा आणि दोनदा स्पेस द्या. छपरासकट वर्गमूळ तयार, आणि आत जितके भराल तितके छप्पर आपोआप लांबते. इतके समजूतदार छप्पर कोकणातल्या पावसातही मिळत नाही.

येथे थांबून एक धोका सांगतो. मी नववीला गणित शिकवायचो. एकदा ‘√२ ही अपरिमेय संख्या आहे हे सिद्ध करा’ असा प्रश्न टाइप केला. माझ्या पडद्यावर √ झकास दिसत होते. छपाईच्या दुकानातल्या संगणकावर त्या फॉन्टमध्ये हे चिन्हच नव्हते, म्हणून त्याने त्या जागी रिकामी चौकट छापली : ‘□२ ही अपरिमेय संख्या आहे हे सिद्ध करा.’ आता आमच्या मुलांना ‘कृती पूर्ण करा’ या प्रश्नात चौकटी भरायची सवय. एकाने चौकटीत १ लिहिला आणि बारा ही संख्या अपरिमेय असल्याचे अर्ध्या पानात सिद्ध केले. ‘समजा, १२ ही परिमेय संख्या आहे’ इथपासून ‘म्हणून विसंगती’ इथपर्यंत एक पायरी सुटली नव्हती. चौकट रिकामी न सोडल्याबद्दल मी त्याला एक गुण दिला.

या चौकटीला जाणकार लोक ‘टोफू’ म्हणतात. आपण पनीर म्हणावे. ती टाळायची, तर दुकानात वर्डची फाइल न देता पीडीएफ द्यावी. तिच्यात फॉन्ट बरोबर बांधून पाठवता येतो.

रीत तिसरी : मराठीतले वर्गमूळ

गणित नको म्हणून पळणाऱ्यांनाही सुटका नाही. सहलीच्या अहवालात ‘आचार्यांना कांदे कमी पडले’ असे छापून आले की समजावे, लिहिणाऱ्याला ‘ऱ्य’ सापडला नाही. आचार्य विद्यादान करतात, आचारी पंगत उठवतात. दोघांमध्ये र कसा जोडला एवढाच फरक. तसेच सह्याद्रीत दऱ्या असतात. ‘दर्या’ कोकणात उतरल्यावर लागतो.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे दाबा (ऱ), मग डी (हलन्त), मग तिरक्या रेघेचे बटण (य). झाला ऱ्य. शेवटी य ऐवजी यू दाबला की ऱ्ह. कुऱ्हाड, वऱ्हाड आणि तऱ्हा एका दमात सुटतात. गंमत अशी, की युनिकोडमध्ये हा नुक्त्याचा ऱ द्राविडी भाषांमधला वेगळा र लिहिण्यासाठी आहे. आपण त्याचा फक्त अर्धा भाग उसना घेतो.

दुसऱ्या वाटेने, म्हणजे साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही, अगदी असाच ऱ्य मिळतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगवेगळे. म्हणून आपणच लिहिलेला ‘सुऱ्या’ शोधायला गेलो, की ‘सापडला नाही’ असे उत्तर येऊ शकते. ‘ॲ’चीही हीच कथा. त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. तोवर लोक अ वर चंद्र चढवत होते, आणि काही अजून चढवतात. एक वाट धरा आणि तीच शेवटपर्यंत चाला.

नशीबवान चिन्ह एकच, ₹. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी ते रेखाटले, १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने मान्य केले, त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेले आणि पाठोपाठ चारच्या बटणावर जाऊन बसले. भारतीय इंग्रजी कळफलक निवडून उजवा ऑल्ट आणि ४ दाबा. पाचशे वर्षे रांगेत उभ्या असलेल्या √ ने यातून काय धडा घ्यायचा, तो घ्यावा.

स्वाध्याय

१. अंगठा न उचलता ¾ काढून दाखवा. (निघत नाही. का, ते सांगा.)
२. ‘कारखान्यातल्या आचाऱ्यांनी आचार्यांना वाढले’ हे वाक्य एकदाही न चुकता टाइप करा.
३. एवढे करूनही छापील कागदावर चौकट आलीच, तर काय कराल?

तिसऱ्याचे उत्तर : आता पेन घ्या. सायक्लोस्टाइलच्या काळात टाइप करणारे स्टेन्सिलवर जागा कोरी सोडत आणि शिक्षक तिथे लोखंडी लेखणीने वर्गमूळ कोरत. चाळीस प्रती असतील, तर चाळीस वेळा √ काढा. छप्पर मोजपट्टी लावून ओढा. दोनवर पुरते बसू द्या आणि शेजारच्या अंकावर जाऊ देऊ नका.